भिंतीवरचं पंच्याऐंशी साल

नाही, पण मला एक सांगा, भाषणात बोललेलं कोणी मनावर घेतं का? अहो, सबंध देशात भाषणं चालतात, पुढारी येतात, हार घालून घेतात, पाणी आणतो म्हणतात, रस्ता आणतो म्हणतात, जीप धुरळा उडवत निघून जाते, आणि धुरळा खाली बसला की भाषणही खाली बसतं. ही रीत आहे. सगळीकडे हीच रीत आहे. फक्त आमच्या गावात नाही. आमच्या गावानं माझं भाषण भिंतीवर लिहून ठेवलं. ऑइलपेंटनं. आणि दहा वर्षं जपलं!

तुम्हाला सांगतो, तुम्ही नाशिकची माणसं, तुम्हाला भिंत म्हटलं की सर्कशीची जाहिरात आठवणार, नाहीतर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण. आमच्या गावची भिंत तसली नाही. गाव दिंडोरीच्या पुढे, वणीच्या रस्त्याला. गावात चावडी, चावडीच्याच एका खोलीत दूध सोसायटी, आणि चावडीची ही लांबलचक भिंत. कबुलीची भिंत म्हणतात तिला. चार माणसांसमोर कोणी ‘शब्द देतो’ म्हणाला, की नाथा पेंटर तो शब्द भिंतीवर चढवतो. नाव, तारीख, सगळं. सगळ्यात वरची ओळ कोंडाजीबाबांची. ‘कोंडाजी रंगनाथ यांनी तपकीर सोडण्याचे कबूल केले, ता. १५ ऑगस्ट १९५२.’ पुढे पांढरी खूण, म्हणजे कबुली पुरी. तेव्हापासून म्हाताऱ्याला साधी शिंक आली तरी गाव त्याच्या नाकाकडे बघतं. त्याखाली, ‘काळू पुंजा यांनी विडी सोडण्याचे कबूल केले.’ त्याखाली, ‘परत धरली.’ त्याखाली, ‘परत सोडली.’ त्याखाली, ‘परत धरली.’ काळूच्या एकट्या विडीनं दीड हात भिंत खाल्लीय. मग, ‘सहादू यांनी सख्ख्या भावाशी बोलण्याचे कबूल केले.’ पांढरी खूण. आणि त्याच्यापुढे अगदी बारीक अक्षरात, ‘फक्त सणाला.’

आता यात दंड नाही बरं का, शिक्षा नाही, काही नाही. दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की कोंडाजीबाबा काठी घेऊन भिंतीपुढे उभे राहतात, राहिलेल्या कबुल्या मोठ्यानं वाचतात, आणि ज्याची कबुली असेल त्यानं म्हणायचं, ‘हाय ध्यानात.’ एवढंच. पण तुम्ही एकदा शंभर माणसांसमोर, पोराबाळांसमोर, सासुरवाडीचे पाहुणे आलेले असताना, ‘हाय ध्यानात’ म्हणून बघा. काळू म्हणतो, तेवढं म्हणून झालं की ताबडतोब विडी ओढावीशी वाटते.

तर पंच्याहत्तर साल. मी नाशिकला कॉलेजात पहिल्या वर्षाला. गावातून सायन्सला गेलेला पहिला मुलगा मीच, त्यामुळे सव्वीस जानेवारीला भाषणाचा मान माझा. आणि तुम्हाला सांगतो, त्या वेळी माझ्या डोक्यात नुसती यानं उडत होती. वाचनालयात बसून मी जे मिळेल ते वाचत होतो… भविष्यातलं शहर, भविष्यातलं घर, भविष्यातला माणूस. चंद्रावर माणूस जाऊन सहा वर्षं व्हायला आली आणि आमच्या गावाला एसटी अजून ओढ्याच्या अलीकडेच सोडते, हा काय न्याय आहे? रक्त उसळायचं हो! मी झेंड्याखाली उभा राहिलो, समोर सगळं गाव मांडी घालून, आणि मी सुरू झालो. बंधुभगिनींनो, सन एकोणीसशे पंच्याऐंशी! एक, दिंडोरीहून नाशिकला माणूस हवेतून जाईल. दोन, स्वयंपाक बंद, जेवणाची गोळी निघेल. तीन, शेतात यंत्रमानव राबेल आणि माणूस पारावर निवांत बसेल. चार, कचेरीत संगणक येईल आणि कारकुनाला काम उरणार नाही. असं करत करत दहा. आणि सातवं… सातवं लक्षात ठेवा, सगळा घोटाळा तिथे आहे… सातवं, फोनवर बोलताना समोरच्या माणसाचं तोंड दिसेल.

आता इथे थांबायचं की नाही? भाषण संपलं होतं, टाळ्या सुरू झाल्या होत्या, जिलबी वाटायला काढली होती. पण नाही. वय अठरा. मी मूठ वर केली आणि म्हणालो, ‘हे होणार म्हणजे होणार, मी शब्द देतो!’

टाळ्या बंद. कोंडाजीबाबांनी मान फिरवून हाक मारली, ‘नाथा, डबा आण.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बघतो तर भिंतीवर लाल रंगात, ‘गोरक्ष निवृत्ती यांनी सन १९८५ पर्यंत खालील दहा गोष्टी करण्याचे कबूल केले.’ मी धावत बाबांकडे. म्हटलं, बाबा, अहो मी करणार नाही, मी म्हणालो ते होईल, ते सायन्स करणार आहे. बाबा शांतपणे म्हणाले, ‘सायन्सला आमी वळखत नाय. तुला वळखतो. निवृत्तीचा तू.’ संपलं. आणि भिंतीवर लिहिलंय!

पुढे नऊ वर्षं मी जानेवारी महिन्यात गावाकडे फिरकलो नाही. एकदा परीक्षा, एकदा कावीळ, एकदा मित्राच्या बहिणीचं लग्न… त्या मित्राला बहीणच नाही. आई निरोप पाठवायची, ‘बाबांनी तुझी वाचली, तुझ्या वतीनं तुझ्या वडलांनी हाय ध्यानात म्हटलं.’ वडील शेतकरी माणूस, त्यांना यंत्रमानव म्हणजे काय तेही धड माहीत नाही, आणि दरवर्षी खाली मान घालून त्याची कबुली देतायत. आणि यंदा आलं की हो पोस्टकार्ड. कोंडाजीबाबांचं अक्षर. ‘चि. गोरक्षास आशीर्वाद. कबुलीची मुदत भरत आहे. हजर राहावे. येताना जे जे तयार असेल ते घेऊन यावे.’

जे जे तयार असेल ते! म्हणजे मी काय सातपूरहून यंत्रमानव खांद्यावर टाकून आणणार होतो?

आता तुम्ही म्हणाल, थोडं तरी खरं झालंच असेल की. झालं ना, संगणक आला. मी सातपूरला ज्या कारखान्याच्या कचेरीत आहे तिथे आला, गेल्या वर्षी. काचेची खोली, थंडगार, बाहेर पाटी, ‘पादत्राणे बाहेर काढावीत.’ मी इतका आनंदलो होतो म्हणून सांगू, पहिल्या दिवशी नवे मोजे घालून गेलो. आणि झालं काय? पूर्वी आम्ही कामगारांची हजेरी वहीत लिहायचो. आता हजेरी वहीत लिहायची, मग ती संगणकात जाते, मग संगणकातून हात-हातभर कागद बाहेर येतो, आणि मग तो कागद बरोबर आहे का ते आम्ही वहीशी ताडून बघतो. म्हणजे पूर्वी एक काम होतं, आता तीन आहेत. साहेब म्हणतात, ‘मशीनवर आंधळा भरवसा नको.’ अहो, मग आणलं कशाला? आमचा शिपाई दसऱ्याला त्याला हार घालायला गेला तर त्याला हाकललं, म्हणे धूळ चालत नाही, फूल चालत नाही, माणूस चालत नाही. विज्ञान आलं, पण आल्या आल्या सोवळं पाळायला लागलं!

असो. तर पोहोचलो गावात. पंचवीसला नाही, सव्वीसच्या सकाळीच, म्हणजे पळायला सोपं. आणि ओढ्याशी उतरलो तोच समोर कुसाबाई, आमच्या शेजारची. म्हणाली, ‘आला का रं बाबा? बयाबाई पाच वाजल्यापासनं तयार हाय.’

म्हटलं, कशाला तयार?

‘फोनात तोंड बघायला.’

माझ्या पायाखालची ओढ्याची फरशी सरकली. तुम्हाला सांगतो, भिंत, गाव, कोंडाजीबाबा, सगळ्यांना मी तोंड दिलं असतं. पण बयामावशीला?

बयामावशीची एकुलती एक मुलगी लता. दिली भिलाईला, जावई तिथे कारखान्यात. लता चार वर्षांपूर्वी येऊन गेली ती शेवटची, आणि मावशी तिकडे जात नाही, कारण मावशीला गाडी लागते. म्हणजे अशी तशी लागत नाही. दिंडोरीपर्यंत जायचं तर एसटी दोनदा थांबवावी लागते. भिलाईपर्यंत अर्धा हिंदुस्थान थांबवावा लागेल. राहिली पत्रं. पण मावशीचा पत्रावर विश्वास नाही. म्हणते, ‘पत्रात समदेच खुशाल असत्यात. माझा नवरा दवाखान्यात होता तवा बी आमी सासऱ्याला खुशालच लिहिलं व्हतं.’ आणि गेल्या दिवाळीपासून लताच्या पत्राचं अक्षर बदललं होतं. पत्र जावई लिहीत होता. खाली नुसती लताची सही. मावशीला वाचता येत नाही, पण अक्षराचं वळण ओळखते. तेव्हापासून तिचा जेवणावरून जीव उडाला होता. एकच धोशा, मला पोरीचं तोंड बघायचंय, तोंड बघितल्याशिवाय कळत नाही, आणि गोरख्यानं कबूल केलंय, पंच्याऐंशीत दिसेल, भिंतीवर लिहिलंय. आणि नेमका गेल्या दिवाळीतच दूध सोसायटीत फोन आला. गावातला पहिला. काळा, जड, लोणच्याची बरणी ठेवावी तसा फडताळात ठेवलेला. मावशीनं देवळापुढे हात जोडावे तसे जोडले त्याला. लताच्या शेजाऱ्यांकडे फोन होता, तिथे तिला सव्वीसला दहा वाजता येऊन बसायला कळवलं, आणि इकडे सोसायटीच्या सेक्रेटरीनं, म्हणजे आमच्या जयरामनं, सकाळीच ट्रंककॉल लावून ठेवला. अर्जंट!

मी चावडीत शिरलो आणि बघतो तर काय. मावशी फोनसमोर स्टुलावर. हिरवंगार नवं लुगडं, केसांना तेल, नाकात नथ. फोन फडताळातून काढून खिडकीत, उजेडात ठेवलेला, का, तर अंधारात तोंड काळं दिसेल. रिसीव्हर पदरानं पुसपुसून चकाकवलेला. एका हातात द्राक्षाचा घड, यंदाचा पहिला, आंबट ढाण, पण लताला दाखवायला. आणि दाराशी काय बांधलंय? वासरू! मी म्हटलं, मावशी, हे काय? म्हणाली, ‘तांबडीचं. लतीनं तांबडीला ल्हान असताना बघितलंय. तिला दाखवते की, आता लेकुरवाळी झाली म्हणून.’ आणि मावशीच्या मागे, फोटोला उभं राहावं तशी, अर्धी आळी. उंच मागे, ठेंगणी पुढे. नाथा पेंटर टेरिलिनच्या शर्टात, केसाला पाणी लावून. म्हटलं, नाथाभाऊ, तू कशाला? ‘असू दे,’ म्हणाला, ‘भिलाईत कोणी बघितलं तर कामबीम निघंल.’

मी जयरामला बाजूला घेतलं. अरे, तू सेक्रेटरी आहेस, तू रोज फोन वापरतोस, तुला माहितीय, तू सांगितलं नाहीस हिला? जयराम म्हणाला, ‘मी काय कबूल केलंय व्हय? ज्यानं केलं त्यानं सांगावं.’

कॉल काही लागेना. जयराम दर पाच मिनिटांनी दांडी दाबतो, ‘दिंडोरी, हॅलो दिंडोरी, भिलाईचं काय झालं?’ आणि तिकडून बाई म्हणते, ‘लाइन बिझी आहे, थांबा.’ आता थांबायचंच आहे तर, कोंडाजीबाबा म्हणाले, तोवर भिंतीचं उरकून घेऊ. सगळं गाव बाहेर. बाबा काठीनं एकेक ओळ दाखवतायत, मी आरोपीसारखा उभा.

‘एक. दिंडोरीवरनं नाशकाला मान्‌साला हवेतनं नेण्याचे कबूल केले. काय झालं?’

मी म्हटलं, बाबा, माफ करा, नाही झालं. आणि गर्दीतून काळू उठला. ‘नाय कसं? म्या गेलो की परवा. जीपच्या मागं लटकून. आत अठरा मान्सं, मी दांडीला. दिंडोरी ते नाशिक, दोनी पाय हवेत. जमिनीला एकदा बी लागलं नाय.’ बाबांनी विचार केला. ‘हवेतनं म्हंजे हवेतनंच झालं ते.’ नाथाला खूण केली. पांढरा रंग! मी म्हणतोय, अहो नाही, हे खरं नाही, मला यान म्हणायचं होतं, उडतं यान… काळू म्हणाला, ‘गप ना. तुझी सुटका चाललीय अन् तूच आडवा येतो?’

‘दोन. जेवणाची गोळी.’ कुसाबाई उभी राहिली. ‘मला डाक्टरनं सकाळी दोन दिल्यात, दुपारी दोन, रातच्याला तीन. भूकच लागत नाय आता. सून म्हणती, आत्याबाई, तुमची भाकरीच वाचली.’ पांढरी खूण.

‘तीन. शेतात यंत्रमानव राबंल अन् माणूस पारावर बसंल.’ सगळं गाव पाराकडे वळलं. पारावर, सकाळी साडेदहाला, पंधरा-वीस धडधाकट बाप्ये पाय सोडून बसलेले. बाबा म्हणाले, ‘माणूस बसलाय.’ जरा थांबून म्हणाले, ‘यंत्र तेवढं यायचं ऱ्हायलंय.’ नाथानं अर्धी खूण केली!

तुम्हाला सांगतो, मला आनंद व्हायला हवा होता की नाही? दहा वर्षांचं ओझं उतरत होतं. पण माझा जीव तडफडत होता. अरे, विज्ञान म्हणजे हे नव्हे रे! तुम्ही तरी म्हणा की गोरख्या, फसवलंस, कुठाय तुझं यान, कुठाय तुझा यंत्रमानव, आम्ही वाट बघून थकलो. भांडा माझ्याशी. सरकारशी भांडा. हे तर जीपला लटकून म्हणतायत, उडालो! इतक्या थोडक्यात खूश होणाऱ्या माणसांचं भलं करायचं तरी कसं? चार झालं, पाच झालं, सहा झालं. आणि बाबांची काठी सातवर आली.

सातवर काळूसुद्धा उठला नाही.

बाबा हळूच म्हणाले, ‘गोरख, आत जा. तिला सांग.’ म्हणजे त्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं! त्या टेरिलिनच्या शर्टालासुद्धा माहीत होतं. पण कबुली माझी, तेव्हा सांगायचं मी.

गेलो आत. मावशी फोनकडे टक लावून. मी तिच्या पायाशी उकिडवा बसलो आणि म्हटलं, मावशी, ऐक. ते तोंड दिसायचं अजून निघालेलं नाही. निघेल, कधीतरी नक्की निघेल, पण आज नुसता आवाज येईल. माझं चुकलं. मी लहान होतो, जोरात बोललो.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, ‘भिंतीवर लिहिलंय.’

लिहिलंय मावशी, पण…

आणि घंटा वाजली.

जयराम धावला, उचलला, ‘हॅलो, हॅलो, हां भिलाई, द्या, द्या,’ आणि रिसीव्हर मावशीच्या हातात. आणि मावशीनं तो कानाला लावला नाही हो. आरसा धरतात तसा तोंडासमोर धरला. नथ नीट केली. द्राक्षाचा घड वर धरला. मागे आळी ताठ झाली. नाथानं श्वास रोखला. त्या काळ्या दांडीतून मुंगीएवढा आवाज येतोय, ‘आई… आई गं…’ आणि मावशी त्या भोकांकडे बघून मोठ्यानं विचारते, ‘लते, दिसते का गं मी?’

मी डोळे मिटले.

पलीकडून आवाज आला, ‘दिसती की आई. हिरवं लुगडं नेसलीस ना?’

अहो, चावडीत काय कल्ला झाला! दिसतंय, दिसतंय, तिला दिसतंय! नाथा पुढे घुसला, दारातलं वासरू बिचकून हंबरलं, बाहेर काळू ओरडतोय, सात झालं, सात झालं, रंग आणा. मी बीएस्सी झालेला माणूस, मीसुद्धा एक सेकंद त्या फोनच्या मागे वाकून पाहिलं. खोटं कशाला सांगू!

फक्त मावशी हसली नाही. ती म्हणाली, ‘मला का नाय दिसत तू?’

‘इकडं लाईट गेलीय आई.’

मावशीनं घड खाली ठेवला. रिसीव्हर बरोबर कानाला लावला, अगदी बरोबर, दहा वर्षं कचेरीत फोन घेतल्यासारखा, आणि हळू आवाजात विचारलं, ‘काय झालंय तुला?’

मग पलीकडून रडू ऐकू आलं. आमच्यापर्यंत तुकडे येत होते. दिवाळीत पोटाचं ऑपरेशन झालं होतं. मोठं. सलाईननं उजवा हात सुजला होता म्हणून पत्र दुसऱ्याच्या हातचं. आता बरं आहे, टाके निघाले, चालते, घरातल्या घरात सगळं करते, तू काळजी करशील म्हणून कळवलं नाही. एवढ्यात मध्येच ती ऑपरेटरबाई, ‘तीन मिनिटं झाली, तीन मिनिटं झाली.’ मावशी तिला म्हणाली, ‘तू कोण गं? तुला आई हाय का?’ आणि ऑपरेटर म्हणाली, ‘बोला मावशी, सावकाश बोला.’ आणि लता रडता रडता हसायला लागली. ती हसली आणि मावशीचा चेहरा असा मोकळा झाला की बस. तिनं तिला तांबडीचं सांगितलं, वासराला फोनजवळ आणून हंबरायला लावलं, ते नेमकं तेव्हाच हंबरेना, तर काळू त्याच्या वतीनं हंबरला. आणि शेवटी म्हणाली, ‘ठेव आता. मी येते.’

येते? कशी येते? हिला दिंडोरी सोसत नाही.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, मावशी, तुला कळलं कसं? तिनं माझ्या डोक्यावर टपली मारली. ‘अरं येड्या, फोनात तोंड दिसत नाय ते मला म्हाईत नव्हतं व्हय? जयराम रोज बोलतो, म्या बघते की. पण लती बरी असती तर काय म्हणली असती? आई, येडी का तू, फोनात कुठं दिसतं? मला हसली असती. ती म्हणली, दिसती. लुगडं तर तिनंच दिवाळीला धाडलंय. आईला बरं वाटावं म्हणून पोरगी खोटं कवा बोलती? दुखत असतं तवा. तवाच तिचं तोंड दिसलं मला.’

बाहेर बाबांनी विचारलं, ‘बयाबाई, सातचं काय करायचं?’ मावशी म्हणाली, ‘अर्धं करा. उरलेलं अर्धं भिलाईला जाऊन बघते.’

आठ, नऊ, दहाला गावानं पटापट खुणा देऊन टाकल्या, आणि आता गाव रंगात आलं. बाबा म्हणाले, भिंत रिकामी झाली, गोरख, पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचं सांग. म्हटलं, मेलो तरी नाही. सगळे मागेच लागले, सांग सांग. शेवटी मी वैतागलो. समोर मावशीचा तो आंबट घड पडलेला. म्हटलं, लिहा. याच द्राक्षांची इथे, याच दिंडोरीत, दारू निघेल. राजरोस. मोठमोठे कारखाने होतील. आणि मुंबई-पुण्याची शिकलेली माणसं मोटारी भरभरून इथे येतील, पोराबाळांसकट, आपल्या बांधावर खुर्च्या टाकून बसतील. आणि द्राक्षं पायानं तुडवू द्या म्हणून, चपला काढून, वर आपल्यालाच पैसे देतील.

गाव इतकं हसलं, इतकं हसलं की पारावरची माणसं उठून बघायला आली. काळूला ठसका लागला. कोंडाजीबाबा, ज्यांनी यंत्रमानवाला अर्धी खूण दिली, ते डोळे पुसत म्हणाले, ‘पोरा, थापेला बी मर्यादा असती.’ नाथानं डब्याचं झाकणच लावलं. ‘गोरखभाऊ, यान लिहिलं, गोळी लिहिली. पण हे नाय लिहवत. भिंतीची काय इज्जत हाय का नाय?’

तर ते नाही लिहिलं. त्याऐवजी ताज्या लाल रंगात दुसरंच लिहिलं. ‘गोरक्ष निवृत्ती यांनी बयाबाईस भिलाईस नेण्याचे कबूल केले.’ मी तोंडही उघडलं नव्हतं हो, माझ्या वतीनं वडिलांनीच शब्द दिला. सवय झालीय त्यांना!

म्हणून सांगतोय, उद्या सकाळी नाशिकरोडहून गाडी आहे. बरोबर पंधरा लिंबं, एक बादली, द्राक्षाची पेटी आणि बयामावशी. मघाशी स्टँडवर उतरवून घेताना विचारत होती, ‘गोरख्या, रेल्वे मधी थांबवता येती ना रं, एसटीसारखी?’

मी म्हटलं, येते मावशी, येते.

फक्त शब्द दिला नाही.